गोधडीसाठी मशीन: काळं हेड की ‘वीस डिझाइन’?

सातारची ताई: काल एकाने आईसाठी मशीन विचारलं होतं. घर बदलताना पायमशीनचं हेड, म्हणजे स्टँडवरचं काळं लोखंडी यंत्र, पडलं आणि त्याच्या ओतीव लोखंडालाच तडा गेला. आईला गोधड्या शिवायच्यात, बजेट दहा हजार. त्यावर एक महाशय लिहितात, "ती काळी धुडं भंगारातच शोभतात. वीस डिझाइनचे टाके घालणारं ऑटोमॅटिक घ्या, विषय संपला."

संपला कसा? गोधडीला डिझाइनं हवीत कशाला? एकच सरळ टाका लागतो, पण तो सहा थरांतून आरपार जायला हवा. मी घेतलं होतं तसलं हलकं मशीन. दोन सुती लुगडी, मध्ये चादर, वर तुकडे. कडेची दुमड आली की मोटर नुसती हुं हुं करायची आणि सुई जागच्या जागी. उजव्या हाताने चाक फिरवत अर्धी गोधडी संपवली आणि मशीन भाचीला देऊन टाकलं, ब्लाउज शिवायला. मग जुन्या बाजारातून साडेतीन हजारांत काळं हेड आणून घरच्याच स्टँडवर बसवलं. सहा वर्षं कुरकुर नाही.

यंत्रवेडा: महाशय मीच. सुई कितीची होती? ११ नंबरची असेल तर मोटरला बोल लावू नका. जाडाला १६ लागते, कधी १८. आणि मशीनचे दात फक्त खालचं कापड ओढतात, म्हणून वरचा थर मागे राहून चुण्या पडतात. वॉकिंग फूट, म्हणजे सुईखालचा दाबपट्टीचा वेगळा पाय, लावला की तो वरूनही ओढतो. पायमशीन चालवून माझ्या आईचे गुडघे गेले, ते तुमच्या साडेतीन हजारांत धरलेत का?

सातारची ताई: सुई १६ चीच होती. आणि काळ्या हेडलाही मोटर बसते, माहीत नसेल तर सांगते.

वाकळवाला, कोल्हापूर: मशीनवर शिवली ती वाकळच नव्हे. आमची आज्जी कडेनं धावदोरा घालत आत आत यायची. तो टाका सैल, म्हणून वाकळ अंगावर मऊ पडते. मशीनची वाकळ म्हणजे पुठ्ठा.

नाशिकची सून: स्वतः किती शिवल्यात?

वाकळवाला, कोल्हापूर: एकही नाही. पांघरल्यात भरपूर.

नाशिकची सून: मग बोलूच नका. माझ्या सासूबाईंच्या अंगठ्याजवळ सुईने घट्टा पडलाय, त्या हाताने आता भाकरीही नीट थापता येत नाही. हाताची एक गोधडी महिनाभर खाते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "जुन्या साड्यांचे एवढे पैसे?" पुरुषांना परंपरा फार आवडते, रात्री पांघरायला.

वाकळवाला, कोल्हापूर: बरं, चुकलं. तरी मऊपणाचं बोललो ते खोटं नाही.

नाशिकची सून: खोटं नाही. टाका मोठा ठेवला, वरचा ताण थोडा सैल केला की मशीनचीही बऱ्यापैकी मऊ होते. करून बघा. म्हणजे बायकोला सांगू नका, स्वतः करा.

इचलकरंजीकर: भांडा निवांत. खरी अडचण जागेची आहे. घरगुती मशीनला सुई ते खांब वीतभरही जागा नसते. डबलबेडची गोधडी मध्यावर आली की गुंडाळी अडकते, मग हेड काळं असो की पांढरं. कारखान्यातल्या सरळ टाक्याच्या मशीनला दहा इंचांच्या वर मिळते. नवं दहा हजारांत येत नाही, जुनं शोधावं लागेल. मात्र क्लच मोटरचं घेऊ नका, पाय ठेवताच सुसाट सुटतं. सर्वो मोटर हवी, तिचा वेग कमी करता येतो. कारखान्यातल्या मशीनला गोल दांडीची सुई लागते, घरातल्या चपट्या दांडीच्या बसणार नाहीत.

यंत्रवेडा: जागेचं मान्य. सिंगल गोधडी असेल तर ताईंचं काळं हेडही चालेल, लिहून टाकतो. खूश?

सातारची ताई: उपकार झाले. आणि हेड आणल्यावर त्यात खोबरेल घालू नका. माझ्या जावेनं घातलं, थंडीत सगळं आत गोठलं. चाक हलेना. मेकॅनिकने रॉकेलने धुतलं आणि वर आम्हालाच झापलं. मशीनचंच तेल घाला.

मूळ प्रश्नवाला: आई म्हणते सिंगलच शिवायच्यात. म्हणजे काळं हेड. उद्या बाजारात जातोय, घरची एक जाड गोधडी बरोबर नेतो.

सातारची ताई: तिचा कोपरा शिवून बघा, मधला भाग नको. दुकानदार मधलाच शिवून दाखवेल.