डोकेदुखीसाठी ५६७ वाक्यांची परीक्षा

गवतीचहा:
अकरा वर्षांची अर्धशिशी. डाव्या भुवईपासून निघते, मानेत उतरते. पूर्वी महिन्यातून दोनदा यायची, आता अठरा-वीस दिवस. एमआरआय नॉर्मल. नव्या डॉक्टरांनी व्यक्तिमत्त्व चाचणीला पाठवलं, एमएमपीआय-२. ५६७ वाक्यं, प्रत्येकापुढे खरं की खोटं. ट्यूबलाइटखाली तीनशेच्या आसपास कपाळ ठणकायला लागलं, गोल काळे करताना एक ओळ सरकली, मग खोडरबर मागत बसले. रिपोर्टात उत्तरांवरून वेगवेगळ्या स्केलचे, म्हणजे मोजपट्ट्यांचे, आकडे असतात; माझं पहिलं आणि तिसरं स्केल ७० च्या वर. तिसऱ्याचं नाव 'हिस्टेरिया'. सासूबाईंनी नेमका तेवढाच शब्द वाचला! म्हणजे माझं दुखणं मनाचंच का?

निवांत_बाबा:
आमच्या मावशीचं सुंठेच्या लेपाने गेलं. करून बघा.

पाटीपेन्सिल:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. ते नाव १९४३ मधलं, हॅथवे आणि मॅकिन्ली यांची मूळ चाचणी निघाली तेव्हापासून चिकटलेलं. आता या अर्थाने कोणी वापरत नाही. पहिल्या स्केलची वाक्यं शरीराच्या तक्रारींचीच असतात. रोज डोकं दुखणाऱ्या बाईने प्रामाणिक उत्तरं दिली तर आकडा चढणारच की. जुन्या कंबरदुखीवाल्यांचंही असंच येतं, आणि दुखणं उतरलं की आकडेही बऱ्याचदा उतरतात. दुखणं खरं की खोटं हे ती चाचणी सांगतच नाही. दुसरं स्केल, नैराश्याचं, किती आहे?

गवतीचहा:
५८.

पाटीपेन्सिल:
६५ च्या खाली आहे, ठीक. एक आणि तीन वर, मधलं खाली, म्हणून आलेखात इंग्रजी 'व्ही' दिसत असेल. त्याला घाबरू नका.

आडवाट:
गोळ्या किती घेता?

गवतीचहा:
कॅफिनवाली मिश्र गोळी. रोज एक, कधी दोन. बँकेत काउंटरवर बसायचं म्हटल्यावर दुसरं काय करणार?

आडवाट:
मग आधी तिकडे बघा. मिश्र गोळ्या महिन्यात १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीच डोकं दुखवायला लागते. साध्या वेदनाशामकाला ही हद्द १५ दिवसांची. माझं तसंच झालं होतं. मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना आकडा सांगा. कॅलेंडरवर दुखल्याची फुली आणि गोळीचा टिंब, एवढं करून न्या.

गवतीचहा:
डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं होतं, मी 'लागली तर घेते' म्हणाले. आत्ता पर्स उपडी केली. दहाच्या तीन रिकाम्या पट्ट्या निघाल्या. आज १७ तारीख.