म्युनिकने लिनक्स सोडलं, मग हे दुसरे जर्मन आता तेच का करतायत?

टवाळ_कारकून:
काल चहाला साहेबांशी वाद झाला. मी म्हटलं सरकारने वर्डच्या लायसन्सचे पैसे कशाला भरायचे, लिबरऑफिस आहे की फुकट, तर ते म्हणाले जर्मनीतली म्युनिकची महापालिका लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी खुली सिस्टीम) गेली होती, पण हात पोळून परत विंडोजवर आली. आणि इकडे वाचतोय की जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाईन राज्याने 2024 ला 30,000 कॉम्प्युटरवर लिबरऑफिस घालायचं ठरवलं. नक्की भानगड काय?

बव्हेरियातला_बाळू:
म्युनिकजवळच राहतो म्हणून लिहितोय. हात पोळले हे अर्धंच खरं. 2003 ला विषय निघाला तेव्हा मायक्रोसॉफ्टचा स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटायला आला होता, तरी हे हटले नाहीत आणि 2013 पर्यंत जवळपास 15,000 मशीन लिमक्सवर (त्यांचं स्वतःचं लिनक्स) गेली. खरा त्रास वर्षानुवर्षं साठलेल्या टेम्प्लेट आणि मॅक्रोंचा (वर्डमध्ये आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम), प्रत्येक खात्याचं लेटरहेड वेगळं फॉर्म वेगळा, त्यासाठी वोलमक्स नावाचं टूलच लिहावं लागलं. त्यात आयटीच्या चुली वेगवेगळ्या, काहीही अडलं की खापर लिनक्सवर. मग 2014 ला महापौर बदलले, 2016 ला मायक्रोसॉफ्टचं जर्मन हेडऑफिस शहरात आलं, 2017 ला परत विंडोजचा ठराव. संबंध तुम्ही लावा, मला इथेच राहायचंय :)

कळफलक_बडवे:
मुळात फुकट म्हणू नका हो, तिथेच घोळ होतो. लायसन्स वाचतं पण ट्रेनिंग, सपोर्ट, जुन्या फायली बदलणं याला पैसे लागतातच. फ्रान्सच्या जाँदार्मरीने (त्यांचे पोलीस) बघा कसं केलं, 2005 ला आधी नुसतं ओपनऑफिस (लिबरऑफिस यातूनच निघालं) दिलं, मग फायरफॉक्स ब्राउझर, मेलसाठी थंडरबर्ड, आणि लोकांचा हात बसल्यावर 2008 पासून उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार). रोजचे प्रोग्राम तेच राहिले तर खाली काय बदललं याचं कुणाला काय पडलंय. श्लेस्विगवालेही तसंच करतायत, आधी ऑफिस आणि मेल, लिनक्स मागून.

टवाळ_कारकून:
साहेबांना दाखवलं. म्हणाले जर्मनी राहू दे, आधी आपल्या फायली युनिकोडमध्ये (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची पद्धत) आण. अर्ध्या अजून जुन्या फॉन्टात आहेत, दुसऱ्या मशीनवर उघडल्या की मराठीच्या जागी नुसती एबीसीडी. इथे मी गप्प बसलो राव.

कळफलक_बडवे:
कन्व्हर्टर मिळतात त्याला. फक्त रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास माती खातात.