मदत हवी आहे: आईचे गुडघे, चतुर्थी तोंडावर, आणि तिला सुई नको नि ऑपरेशन नको

नमस्कार मंडळी, आम्ही डिचोलीकडचे. आई ६६ वर्षांची, वजन ७४ किलो, शुगरच्या गोळ्या चालू आहेत. दोन वर्षं दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्सरे काढला तर ऑस्टिओआर्थ्रायटीस, ग्रेड ३ निघाला. डॉक्टर म्हणाले कूर्चा झिजलीय, कधीतरी बदलावा लागेल, तोवर इंजेक्शन घेऊन बघा. आईने तिथेच मान हलवली, घरी काय करायचं ते सांगा म्हणाली, तर कागदावर 'एक्सरसाईज' एवढंच लिहून दिलं. कसला, किती, काही नाही.

पाऊस लागल्यापासून सकाळी उठली की दहा-पंधरा मिनिटं भिंत धरून चालते, मग जरा सैल होतं. आता चतुर्थी तीन आठवड्यांवर, आमचा पाच दिवसांचा गणपती, नेवऱ्या पातोळ्या सगळं ती खाली बसून करणार, त्यात आदोळीवर (खवणीच्या विळीवर) बसून नारळ खवायचे, आणि उठताना एक हात जमिनीवर, एक हात माझ्या खांद्यावर आणि गुडघ्यातून करकर आवाज, तो ऐकवत नाही.

खोबरेलात कापूर घालून मालिश झालं, निगडीचा (निर्गुडीचा) पाला तापवून बांधून झाला, बेल्ट तर दिवसभर असतो. गेल्या आठवड्यात काकूने मिठाची पुरचुंडी इतकी तापवली की गुडघ्याखाली फोड आला आणि आईला कळलंसुद्धा नाही!! म्हणून विचारते, शेक द्यायचा की बर्फ, दुखत असताना व्यायाम करायचा का, की सगळं बंद करून झोपवून ठेवू? काकू म्हणते हलूच देऊ नको.

फिजिओ_फोंडा: ताई, आधी तो फोड डॉक्टरांना दाखवा. शेक लागलेला कळला नाही म्हणजे शुगरमुळे पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, तेही सांगा. तोवर शेक बंद. नंतर दिलात तरी कोमट, मध्ये टॉवेल, आधी स्वतःच्या मनगटावर बघून, पंधरा मिनिटं बास. बर्फ सुजलं तर, तोही कापडातून आणि थोडाच वेळ. झोपवून मात्र ठेवू नका, मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडला की सगळा भार सांध्यावर येतो, तुमच्या काकूंना हे नक्की सांगा. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची, असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. जमायला लागलं की पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर कमी करा. बेल्ट चालताना घाला, दिवसभर नको. उजवा जास्त दुखतो ना, मग काठी डाव्या हातात, बहुतेक लोक उलटी धरतात.

तांबडी_माती: सकाळी तासभर आखडतं का हो? बोटांचे सांधे सुजतात का? तसं असेल तर तो दुसरा आजार, आमवात म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटीस, असू शकतो, त्याला वेळेत औषध लागतं, नाहीतर सांधे वाकडे होतात. माझ्या मावशीने पाला बांधण्यात वर्ष घालवलं म्हणून विचारतेय. आणि गुडघा एकदम लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

पेडण्याचा_बाबू: माझ्या बाबांचं हेच होतं. आदोळी पहिली माळ्यावर टाका. टेबलाला स्क्रूने बसणारी हँडलवाली खवणी मिळते, आम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतली. संडासात कमोड, नाहीतर निदान कमोडची खुर्ची. डायक्लोफिनॅकचं जेल बाबांना बरं पडलं, पण फोडावर लावू नका आणि लावल्यावर वरून शेक देऊ नका. पोटात घ्यायच्या पेनकिलर दुकानातून आपल्या मनाने आणू नका, शुगरवाल्यांची किडनी आधीच नाजूक असू शकते. आणि वजन बघा, एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो म्हणतात. चतुर्थीत कसलं उतरतंय म्हणा :)

खोबरेल: मेथी भिजवून खा, महिन्यात वंगण परत येतं. खात्रीचा उपाय.

(धागाकर्ती): खोबरेल, मेथीची भाजी आई आवडीने खाते, दोन वर्षांत वंगण काही आलं नाही. @तांबडी_माती, बोटं ठीक आहेत, तासभर आखडत नाही. फोडाला ड्रेसिंग चालू आहे, जेल लावायचं का तेही त्याच डॉक्टरांना विचारते. आज टॉवेलवाला व्यायाम केला, आठव्याला म्हणाली 'गो पुरे', तरी दहा केले. काठीला मात्र साफ नाही म्हणते, लोक म्हातारी म्हणतील म्हणून. आणि खुर्चीत बसून नेवऱ्या लाटायला एक अट घातलीय, पाहुणे येतील तेव्हा खुर्ची आत न्यायची. खवणीसाठी या शुक्रवारी म्हापसा. बाबू, बाजारात नेमकी कुठल्या बाजूला मिळाली?