कॅम्पर व्हॅनमधील टीव्ही, इंटरनेट आणि गॅस अलार्म

प्रश्न (फोंडा): आमच्या व्हॅनमध्ये १२ व्होल्टचा टीव्ही, सिम कार्डचा राउटर आणि गॅस अलार्म आहे. गोव्यात काणकोणला मुक्काम करताना १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी रात्रभर पुरेल का, आणि मोलेच्या जंगलपट्ट्यात नेटवर्कचे काय करावे?

उत्तर (म्हापसा): ही बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवणे तिच्या आयुष्याला मारक असल्याने हाताशी सुमारे ६०० वॅट-अवरच (१२ व्होल्ट × १०० अँपिअर-अवर = १,२००चे निम्मे) धरावेत, टीव्ही ३० आणि राउटर १० वॅट घेत असेल, तर पाच तासांत २०० खर्च होतील. पावसाळ्यात सौर पॅनेलवर मात्र विसंबू नये. व्हॅनचा पत्रा सिग्नल अडवतो, म्हणून अँटेना छतावर बसवावा. पण जिथे मुळात सिग्नलच पोहोचत नाही, तिथे त्याचाही इलाज चालत नाही, तेव्हा चित्रपट आधीच डाउनलोड केलेले बरे.

उत्तर (मडगाव): माझ्या मते करमणुकीआधी अलार्म पाहावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचा सेन्सर जमिनीलगत हवा, कार्बन मोनॉक्साइडचा (अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या विषारी वायूचा) मात्र झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर. अलार्मला मुख्य स्विचआधीच स्वतंत्र फ्यूजमधून वीज द्यावी, अन्यथा टीव्हीसोबत तोही बंद होईल.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. खाऱ्या हवेने बॅटरीचे टर्मिनल गंजतात, त्यावर उपाय?

उत्तर (मडगाव): स्वच्छ करून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी.