शब्दचर्चा : ‘नैराश्यसदृश वर्तन’

प्रश्न : मेंदूतील पेप्टाइडांवरील (ॲमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांवरील) एका लेखाचा अनुवाद तपासत आहे. मुळात ‘डिप्रेशन-लाइक बिहेविअर’ आहे, अनुवादात सर्वत्र ‘उंदरांमधील नैराश्य’. ‘सदृश’ जोडल्यास वाक्य जड होते. गाळल्यास चालेल का? ‘उदासीनता’ कसे वाटते?

उत्तर : ‘सदृश’ कृपया गाळू नये. आशा मावळल्याचे माणूस सांगू शकतो, उंदीर सांगू शकत नाही. प्रयोगशाळेत मोजले जाते ते केवळ त्याचे वर्तन. पोरसोल्ट यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सक्तीच्या पोहण्याच्या चाचणीत, जिच्यातून बाहेर पडता येत नाही अशा पाणी भरलेल्या नळीत सोडलेला उंदीर धडपड थांबवून किती वेळ नुसता तरंगतो, हे पाहतात. हे तरंगणे हताशा दाखवते की शक्ती राखण्याची सोय, याबद्दल अभ्यासकांत अद्याप एकमत नाही. म्हणून, ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या डायनॉर्फिन या पेप्टाइडाचे कॅपा ग्राही (ते ज्यांना चिकटून परिणाम घडवते, ती पेशीवरील प्रथिने) औषधाने रोखले असता ‘तरंगण्याचा वेळ घटतो’ असे लिहावे. ‘नैराश्य दूर होते’ असे लिहिले, तर प्रयोगाने न सांगितलेले आपण सांगितले असे होईल.

हा केवळ काटेकोरपणाचा हट्ट नव्हे. ऑइलर आणि गॅडम यांनी १९३१ मध्ये शोधलेल्या ‘सबस्टन्स पी’ या अकरा ॲमिनो आम्लांच्या पेप्टाइडाचे उदाहरण पाहावे. त्याचा ग्राही रोखणाऱ्या औषधांमुळे आईपासून दूर केलेल्या गिनिपिगच्या पिल्लांचे ओरडणे कमी झाले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रुग्णांवरील पहिल्या चाचणीतही निष्कर्ष आशादायक होते. पुढील मोठ्या चाचण्यांत मात्र त्यात वापरलेले ॲप्रेपिटंट हे औषध नैराश्यावर निरुपयोगी ठरले. आज ते कर्करोगाच्या केमोथेरपीमुळे होणारी मळमळ आणि उलटी टाळण्यासाठी वापरतात. पिल्लांचे ओरडणे आणि माणसाचा आजार यांतील हे अंतर ज्या शब्दाने वाचकाला कळते, तो शब्द जड वाटला तरी ठेवलाच पाहिजे. उपचाराच्या आशेने असे लेख वाचणारी माणसे असतात.

‘उदासीनता’ टाळावे, कारण मराठीत ‘उदासीन’चा अर्थ बहुधा ‘बेफिकीर, अलिप्त’ असा घेतला जातो. ‘अवसाद’ हा शब्द संस्कृत असला, तरी आजच्या वाचकाला तो हिंदी वाटतो. वाक्य हलके करायचे असल्यास ‘नैराश्यसदृश वर्तन’ एकदा स्पष्ट करून पुढे प्रत्यक्ष मोजलेली गोष्टच लिहावी : ‘निश्चल तरंगणे’, ‘साखरपाण्याची ओढ कमी होणे’.