'बेनिफिट शेअरिंग'ला मराठीत काय म्हणाल?

तिरफळ
एका गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीसाठी माहितीपुस्तिका मराठीत करतेय. गाव सह्याद्रीतलं, आंबोलीच्या बाजूचं. 'अ‍ॅक्सेस अँड बेनिफिट शेअरिंग'पाशी गाडी अडली आहे. हाती आलेल्या जुन्या मसुद्यात 'प्रवेश व लाभांश वाटप' आहे. बैठकीत वाचून दाखवलं तर एक काका म्हणाले, "लाभांश? आम्ही शेअर कधी घेतले?" दुसऱ्यांनी विचारलं, "प्रवेश कसला? रान म्हणजे काय थेटर?" दोघांचंही बरोबर आहे. सांगायचंय ते एवढंच: बाहेरच्या कुणी इथली वनस्पती, बियाणं किंवा त्याबद्दलची इथली माहिती धंद्यासाठी नेली, तर आधी परवानगी घ्यायची आणि कमाईतलं काही इथे द्यायचं. 'अ‍ॅक्सेस'ला कोशातला 'अभिगम' सुचवू नका, हात जोडते.

देवगडकर
वाटा! एवढं काय अडलंय? माशांचा वाटा, आंब्यातला वाटा, भावकीतला वाटा. 'वाटा मिळेल' म्हटलं की शेंबडं पोरही समजतं. हिस्साही चालेल, पण तो फारसी म्हणून नाक मुरडणारे येतीलच.

शुद्धमती
आलेच. आणि हिस्सा अरबी आहे, फारसी नव्हे. फारसीतून आपल्याकडे आला. मूळ संज्ञेत 'फेअर अँड इक्विटेबल' आहे, याच विषयावरच्या 2010 च्या आंतरराष्ट्रीय नागोया करारातही आहे. 'वाटा'त न्याय्यपणा कुठे आला? पाच टक्के हाही वाटाच आणि पॉइंट एक टक्का हाही वाटाच. 'समन्यायी लाभवितरण' म्हणा.

घाटावरचा
लाभवितरण म्हटल्यावर स्टेजवर पाहुणे बसलेत आणि साड्या वाटताहेत असं दिसतं. पण 'समन्यायी'ला माझा विरोध नाही. आटपाडीकडे समन्यायी पाणीवाटप हा शब्द साध्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे. पाणी हवं होतं म्हणून तो रुळला, कोशात होता म्हणून नाही.

कलमबहाद्दर
शब्दाआधी मजकूर दुरुस्त करा. 2002 च्या जैविक विविधता कायद्यात गाव परवानगी देत नाही. परदेशी कंपनीला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. देशी कंपनीने राज्य मंडळाला, म्हणजे आपल्याकडे नागपूरला, आधी कळवायचं असतं. समितीशी 'सल्लामसलत' करायची, बस. व्यापारासाठी माल गोळा करणाऱ्याकडून समिती शुल्क मात्र घेऊ शकते. 'परवानगी' छापलीत तर लोक उद्या ट्रक अडवतील.

घाटावरचा
अडवू देत की.

एडिसनवासी
इकडून न्यू जर्सीहून दोन पैसे. आपल्याकडे 'बलुतं' हा किती सुंदर शब्द आहे. गावाचं काम करणाऱ्याला गावाने पिकातला वाटा द्यायचा. तोच पुन्हा वापरात आणला तर?

काळी माती
सुंदर कुणासाठी? बलुतं मागायला खळ्यावर किती वेळ उभं राहावं लागायचं ते आमच्या घरच्यांना विचारा. हक्काच्या पैशाला बलुतं म्हणालात तर मी स्वतः येऊन ती पुस्तिका फाडीन.

देवगडकर
+1. 'स्वामित्वधन' कसं वाटतं? वाळू-मुरमाच्या रॉयल्टीला तोच शब्द आहे.

कलमबहाद्दर
ते सरकारजमा होतं. शिवाय स्वामी कोण? केरळात काणी आदिवासींच्या आरोग्यपाचा या वनस्पतीपासून 'जीवनी' नावाचं औषध निघालं. 1995 मध्ये संशोधन संस्थेने ते बनवायचा परवाना कंपनीला दिला, शुल्क 10 लाख, वर दोन टक्के रॉयल्टी, त्यातलं निम्मं काणींना. जगभर कौतुक झालं. मग काही काणींनी विचारलं, आम्हाला कुणी विचारलं होतं? रानातून चालताना वाटाड्यांनी फळं चघळली, अभ्यासकांच्या ते नजरेत आलं, तिथून सगळं सुरू. एकाने सांगितलं म्हणजे सगळ्या जमातीने सांगितलं असं होतं का?

तिरफळ
मुद्दा मान्य. तात्पुरतं 'परवानगी'च्या जागी 'आधी विचारणं' घालते. पण खरी पंचाईत पुढच्या पानावर आहे. कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीत 'कोडिफाइड ट्रॅडिशनल नॉलेज'ला या अटींतून सूट दिली आहे. मसुद्यात 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान' आहे. ते ऐकून एका आजींनी विचारलं, कुणाला बांधलंय?

शुद्धमती
संहिताबद्ध अगदी चपखल आहे. दंडसंहिता, आचारसंहिता तशीच ही. आणि इथे तर खरोखरच चरकसंहिता, सुश्रुतसंहिता अभिप्रेत आहेत! 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ज्या ग्रंथांची यादी आहे, त्यांतलं ज्ञान.

काळी माती
मग 'ग्रंथातलं' म्हणा. नाहीतर 'पोथीतलं'. पोथीतलं ते सुटलं, तोंडचं तेवढं अडकलं, हे तरी लोकांना कळू दे. भगताने सांगितलेला पाला आणि भावप्रकाशातला पाला एकच निघाला तर कंपनी कुठल्या खिडकीशी उभी राहील, ते सांगायला नको.

घाटावरचा
पण पोथीचा उपयोगही झालाय हो. हळदीचं पेटंट आठवा. 1995 मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ते आव्हान देऊन 1997 मध्ये रद्द करून घेतलं. तिथे आपल्या आज्यांची साक्ष चालली नसती. छापील पुरावे ठेवावे लागले, त्यांत संस्कृत ग्रंथही होते.

भातखाचर
तोंडी ज्ञानाचं लिहून घेऊ म्हणता, पण आमच्याकडे औषध सांगितलं की गुण जातो. काका मुळी द्यायचे ती उगाळून, कापडात बांधून. कुठल्या झाडाची, हे त्यांनी सख्ख्या पोरालाही सांगितलं नाही. समितीच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे 'दाढदुखीवर औषध देतात' एवढंच आहे. झाडाचा रकाना कोरा.

शुद्धमती
'गुण जातो' यातला गुण संस्कृत गुणच. दोरा असाही अर्थ आहे. दोरा तुटतो, म्हणजे परंपरा—

देवगडकर
ताई, औषधाला गुण 'येतो', 'पडतो'. दोरा कुठून आणलात?

भातखाचर
अंधश्रद्धा म्हणा, पण रकाना कोरा राहिला हेच बरं झालं असं मला वाटतं. नरक्याचं काय झालं बघा ना. झाडाचा उपयोग कळला आणि लाकूड ट्रक भरभरून गेलं. तोडणाऱ्याला किलोवर मजुरी. 'बेनिफिट' म्हणायचं तर तेवढंच.

एडिसनवासी
नरक्या म्हणजे कॅम्प्टोथेसिनवाला? ते द्रव्य 1966 मध्ये एका चिनी झाडातून वेगळं काढणाऱ्या दोघांपैकी मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे! आपल्या सह्याद्रीतल्या झाडातही तेच आहे हे नंतर कळलं. कॅन्सरवरची औषधं त्यावरून बनली. असल्या झाडाला नरक्या नाव कुणी दिलं असेल?

देवगडकर
ज्याने फुलांचा वास घेतला त्याने. जुन्या शास्त्रीय नावात 'फोएटिडा' आहे, म्हणजे घाण वासाचं. काही जण घाणेराच म्हणतात.

शुद्धमती
त्याला अमृता असंही नाव आहे. पुस्तिकेत तेच वापरावं.

भातखाचर
अमृता म्हणजे गुळवेल. मुळीच वापरू नका.

घाटावरचा
आणि घाणेरा लिहाल तर आमच्याकडचे लोक घाणेरी समजतील. म्हणजे टणटणी. ती कितीही न्या म्हणावं, वर आम्हीच पैसे देऊ.

काळी माती
टणटणीला घाणेरी म्हणतात हे आजच कळलं. आमच्याकडे रायमुनिया.