मदत हवी आहे: फुफ्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये स्टेरॉइड का चालत नाही?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. बाबांना आयपीएफ (कारण न कळता फुफ्फुसात व्रणासारखे कडक थर साचत जाण्याचा आजार, म्हणजे एक प्रकारचा फायब्रोसिस) निघालाय. जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबतात, बोटांची टोकंही फुगलीत.

रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी सीसीएल२ या रासायनिक संदेशाच्या इशाऱ्यावर फुफ्फुसात शिरतात, तिथे मॅक्रोफेज (भक्षक पेशी) बनून टीजीएफ-बीटा हे संदेश देणारं प्रथिन सोडतात, मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन या चिवट प्रथिनाचे थर चढवत जातात, एवढं वाचून समजलं. मग या पेशींना आवरणारं स्टेरॉइड का नको? २०१२ च्या पँथर या आयपीएफवरच्या औषध-चाचणीत प्रेडनिसोन (हे स्टेरॉइड), अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आणि एन-अॅसिटिलसिस्टीन एकत्र दिल्यावर मृत्यू उलट वाढले. असं का झालं, कुणी डॉक्टर किंवा संशोधक सोप्या भाषेत सांगाल का?

आणि निंटेडॅनिब या आयपीएफच्या औषधाने बाबांना फार जुलाब होतात. डॉक्टरांशी बोलणं चालू आहेच, पण घरी कुणी हे औषध घेत असेल तर जेवणात काय सोसतं, तेही कळवा.